लघवीतलं रक्त थांबलं, म्हणून प्रश्न संपला का?

मूत्राशयाच्या कर्करोगाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी शस्त्रक्रिया करतो तसाच प्रयोगशाळेतही काम करतो, त्यामुळे काही उत्तरं जरा लांबली आहेत. ज्यांना फक्त ‘आता काय करू’ एवढंच हवं आहे, त्यांनी उत्तराची सुरुवात वाचली तरी चालेल.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६४) महिन्यापूर्वी एकदाच लाल लघवी झाली. दुखलं नाही, जळजळ नाही. दुसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ. सोनोग्राफीतही काही निघालं नाही. ते रक्त पातळ होण्याची गोळी घेतात, तिच्यामुळेच झालं असेल असं म्हणून आता दवाखान्यात यायला तयार नाहीत. काय करावं?

उत्तर : त्यांना युरॉलॉजिस्टकडे न्या आणि दुर्बिणीची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, करून घ्या. रक्त आपोआप थांबलं यावरून काहीही ठरत नाही. मूत्राशयातली गाठ बहुतेकदा मऊ असते आणि बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. तिचा एखादा टवका सुटला की रक्त येतं, मग आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही काही होत नाही. या आजाराचं रक्त सहसा न दुखता येतं आणि तिथेच माणूस फसतो. दुखलं असतं तर वडील स्वतःच डॉक्टरकडे गेले असते.

गोळीबद्दल. रक्त पातळ करणारं औषध असलेला रक्तस्राव वाढवतं, पण निरोगी अस्तरातून उगाच रक्त काढत नाही. उलट एखादी लहान गाठ त्या गोळीमुळे लवकर उघडकीस येते, असंही आम्ही पाहतो. गोळी चालू असली तरी तपास तोच करावा, असं मार्गदर्शक तत्त्वांतही सांगितलं आहे. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तिच्यामागे हृदयाचं किंवा मेंदूचं कारण असतं.

सोनोग्राफीत मोठी गाठ दिसते, तीही मूत्राशय नीट भरलेलं असेल तर. काही मिलिमीटरची गाठ किंवा अस्तरावर सपाट पसरलेला कर्करोग, ज्याला आम्ही कार्सिनोमा इन सिटू म्हणतो, तो तिच्यातून निसटतो. तो प्रत्यक्ष आत पाहूनच सापडतो. हे जमायला लागलं ते मॅक्सिमिलियन नीट्झे यांनी १८७७ मध्ये दाखवलेल्या यंत्रापासून. आजची लवचीक नळी त्या मानाने फारच सोपी आहे : भूल देणारी जेली, काही मिनिटं, आणि त्याच दिवशी घरी. दुर्बीण मूत्राशयापर्यंतच पाहते, म्हणून मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्यांसाठी बहुतेकदा सीटी स्कॅनही सांगितला जातो.

वडिलांना हेही सांगा की असं रक्त येणाऱ्या बहुसंख्य लोकांना कर्करोग नसतो. खडा, संसर्ग, वाढलेली प्रोस्टेट अशी कारणं निघतात. पण ते तपासून ठरवायचं असतं.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना वर्षभर ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणून चार वेळा अँटिबायोटिक दिलं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग पुन्हा घाई, जळजळ, कधी रक्त. हा आजार पुरुषांचा आहे ना?

उत्तर : पहिला प्रश्न मी विचारतो : त्या चार वेळांपैकी किती वेळा कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, केलं आणि त्यात जंतू सापडले? जंतू सापडले नसतील, किंवा उपचारानंतरही लघवीत रक्तपेशी राहत असतील, तर पाचवा कोर्स देण्याआधी सिस्टोस्कोपी झालीच पाहिजे.

पुरुषांमध्ये हा कर्करोग स्त्रियांच्या तीन ते चार पट आढळतो हे खरं आहे. नेमकं त्यामुळेच बाईच्या लघवीतल्या रक्ताला आधी संसर्ग ठरवलं जातं, कधी पाळीशी किंवा गर्भाशयाशी जोडलं जातं, आणि निदान उशिरा होतं. सपाट पसरलेल्या कर्करोगात तर घाई आणि जळजळ हीच मुख्य लक्षणं असू शकतात. आमच्या व्यवसायातली ही जुनी खोड आहे. तिच्यावर एक साधा उपाय म्हणजे कल्चरचा प्रत्येक रिपोर्ट तारखेसह जपून ठेवणं. चार निगेटिव्ह रिपोर्ट एकत्र टेबलावर ठेवले की कोणताही डॉक्टर थबकतो.

प्रश्न : सिगारेटचा धूर फुप्फुसात जातो, मग कर्करोग मूत्राशयाला कसा? आणि मी स्वतः कधी ओढली नाही, पण रंग बनवणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं काढली. निवृत्त होऊनही दहा वर्षं झाली. मला धोका आहे का?

उत्तर : आहे. तुमच्या कामाचा इतिहास डॉक्टरला न विचारता सांगा. लक्षण काहीच नसलं तरी तुमच्यासारख्यांना लघवीची नियमित तपासणी करायला सांगितली जाते.

आता कसा ते. फुप्फुसातून रक्तात गेलेली रसायनं शरीर कुठेतरी बाहेर टाकणारच. यकृत त्यांच्यावर प्रक्रिया करतं, मूत्रपिंडं गाळतात आणि ती मूत्राशयात येऊन पडतात. तिथे ती तासन् तास थांबतात. म्हणजे ज्या अवयवाशी धुराचा थेट संबंध नाही, त्याच्या अस्तराला या रसायनांचा सर्वांत लांब सहवास घडतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, जी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, धूम्रपान करणाऱ्यांचा धोका न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आणि सोडलेल्यांचा सुमारे दुप्पट दिसला. पुरुष आणि स्त्रिया, दोघांतही निम्म्याच्या आसपास रुग्णांमागे धूम्रपान असल्याचा हिशेब त्यात निघाला. सोडल्यावर धोका वर्षांगणिक उतरतो, पण कधीच न ओढणाऱ्याच्या पातळीला यायला फार काळ लागतो.

रंगाच्या कारखान्यांची गोष्ट याहून जुनी आहे. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये फुक्सिन नावाचा रंग बनवणाऱ्या कामगारांमधल्या मूत्राशयाच्या गाठींची नोंद केली. त्यांच्याकडे रुग्ण होते मोजून तीन, पण तिघांचं काम एकच. त्यानंतर संशय ॲनिलिनवर जाऊन बसला आणि खरा गुन्हेगार सापडायला कित्येक दशकं गेली. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्युपर यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन कुत्र्यांना देऊन गाठी निर्माण करून दाखवल्या, आणि १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो कामगारांच्या नोंदी तपासून हे रसायन आणि बेंझिडीन यांच्यावर बोट ठेवलं. सिगारेटच्या धुरातही याच जातीची संयुगं आहेत, म्हणजे तुमचे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

या रसायनाशी संबंध आल्यापासून गाठ दिसेपर्यंत पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त काळ जातो. म्हणून ‘निवृत्त होऊन दहा वर्षं झाली’ यात दिलासा मानू नका. सगळ्यांचा धोका सारखा नसतो, हेही खरं. ही संयुगं निकामी करणारं एक एन्झाइम काही लोकांत जन्मतःच मंद चालतं. केसांच्या कलपाबद्दलही अनेकांनी विचारलं आहे. व्यवसाय म्हणून वर्षानुवर्षं ते काम करणाऱ्यांबद्दल आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ असा निष्कर्ष काढला आहे. घरी स्वतःपुरता वापरणाऱ्यांबद्दल पुरावा त्या पातळीचा नाही.

प्रश्न : सॅकरिनने मूत्राशयाचा कर्करोग होतो असं लहानपणापासून ऐकलं. मधुमेहामुळे साखरेऐवजी त्याच्या गोळ्या घेते. बंद करू का?

उत्तर : या भीतीपोटी बंद करायची गरज नाही. १९७० च्या दशकात प्रचंड मात्रा दिलेल्या नर उंदरांमध्ये गाठी आढळल्या, त्यावरून १९७७ मध्ये कॅनडाने बंदी घातली आणि अमेरिकेत पाकिटावर इशारा छापायला लागले. पुढे कळलं की उंदराच्या लघवीची घडण वेगळी असते. तीत सॅकरिनमुळे कॅल्शियम फॉस्फेटचे कण तयार होतात, ते अस्तराला खरवडतात, अस्तर सतत नव्याने वाढत राहतं आणि त्यातून गाठ होते. माणसाच्या लघवीत हे घडत नाही. २००० मध्ये अमेरिकेने सॅकरिनला कर्करोगकारकांच्या यादीतून काढलं. बदनामी मात्र अजून गेली नाही, आणि गंमत म्हणजे हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी काहीजण सिगारेट ओढतात.

प्रश्न : गाठ दुर्बिणीतून काढली. रिपोर्टमध्ये ‘हाय ग्रेड, टी-१, नमुन्यात स्नायू आढळला नाही’ असं आहे. डॉक्टर महिनाभरात तेच ऑपरेशन पुन्हा करायचं म्हणतात. पहिल्यांदा नीट केलं नाही का?

उत्तर : दुसरं ऑपरेशन करून घ्या. पहिलं चुकलं असं समजू नका. ‘ग्रेड’ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात ते : लो ग्रेड कमी, हाय ग्रेड जास्त आणि अधिक आक्रमक. हाय ग्रेड टी-१ मध्ये पहिलं उत्तम झालं तरी दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा आत जाऊन त्याच जागेचा नमुना घेणं ही प्रचलित पद्धत आहे, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये तर त्याला आणखी एक कारण आहे.

मूत्राशयाची भिंत आतून बाहेर अशी पाहा : पातळ अस्तर, त्याखाली नाजूक जोडणारा थर, मग जाड स्नायू. कर्करोग अस्तरातच असेल तर टी-ए, खालच्या थरात उतरला तर टी-१, स्नायूत शिरला तर टी-२. निदानाच्या वेळी साधारण तीन चतुर्थांश रुग्णांत तो स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. पुढचा सगळा मार्ग याच रेषेवर फाटतो. अलीकडे असेल तर मूत्राशय ठेवून उपचार. पलीकडे गेला तर मूत्राशय काढणं किंवा रेडिएशन-केमो. तुमच्या नमुन्यात स्नायूच आलेला नाही, त्यामुळे पॅथॉलॉजिस्टला रेषेपलीकडचं काही सांगता येणार नाही. ‘टी-१’ हे तूर्त अर्धं उत्तर आहे. दुसऱ्या वेळी उरलेली गाठ सापडण्याचं प्रमाण काही अभ्यासांत निम्म्यापर्यंत गेलेलं आहे, आणि थोड्या जणांत आजार स्नायूत असल्याचं तेव्हाच कळतं.

पुढच्या भेटीत हे विचारा : गाठी किती होत्या? सोबत कार्सिनोमा इन सिटू आहे का? गाठीच्या आसपासच्या रक्त-लसिका वाहिन्यांत पेशी दिसल्या का? ‘स्टेज कोणती’ या प्रश्नापेक्षा या तीन उत्तरांतून जास्त कळेल.

प्रश्न : आईला बीसीजी सुरू करायचं आहे. बीसीजी म्हणजे क्षयाची लस ना? ती कर्करोगाला, आणि तीही मूत्राशयात?

उत्तर : हो, तीच लस, पण मात्रा कितीतरी मोठी, आणि टोचण्याऐवजी नळीने मूत्राशयात सोडलेली. स्नायूत न शिरलेल्या पण परतण्याचा आणि वाढण्याचा धोका जास्त असलेल्या कर्करोगावर आजही ते पहिल्या पसंतीचं औषध आहे.

अल्बेर काल्मेत आणि कामिय गेरँ यांनी गुरांच्या क्षयाचे जंतू वर्षानुवर्षं वाढवून दुर्बळ केले आणि १९२१ मध्ये ते माणसाला प्रथम दिले. १९२९ मध्ये रेमंड पर्ल यांनी शवविच्छेदनाच्या नोंदींतून मांडलं की क्षय झालेल्यांत कर्करोग कमी दिसतो. या निरीक्षणात उणिवा होत्या, पण कल्पना मागे राहिली. १९७६ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये अल्व्हारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात बीसीजी सोडल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. सहाच का? त्यांना मिळणारी लस सहा कुप्यांच्या पेटीत येत असे. त्रास आठवड्याच्या आत ओसरतो, म्हणून दोन मात्रांत आठवड्याचं अंतर. आज जगभर रुग्ण जे सहा आठवडे मोजतात त्यांच्यामागे एवढंच आहे! पुढच्या मोठ्या चाचण्यांतही हा क्रम टिकून राहिला. अमेरिकेत या उपचाराला १९९० मध्ये मान्यता मिळाली, आणि २००० मध्ये डोनाल्ड लॅम यांच्या गटाने दाखवलं की सहा मात्रांवर न थांबता ३, ६, १२ महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी तीन-तीन मात्रा, अशी तीन वर्षं दिली तर आजार परतणं कमी होतं.

बीसीजी गाठीला थेट मारत नाही. जंतू अस्तराला चिकटतात, पेशींत शिरतात आणि शरीराची संरक्षक फौज तिथे गोळा होते. जंतूंवरच्या त्या हल्ल्यात कर्करोगाच्या पेशीही सापडतात. आईला एक-दोन दिवस जळजळ, घाई, थोडा ताप जाणवला तर तो या गोळा झालेल्या फौजेचाच परिणाम.

काळजीच्या गोष्टी. औषध साधारण दोन तास धरून ठेवायचं. नंतरचे सहा तास बसूनच लघवी करायची, प्रत्येक वेळी शौचपात्रात ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटांनी पाणी सोडायचं. लघवीत रक्त दिसत असेल, संसर्गाची लक्षणं असतील किंवा नळी घालताना जखम झाली असेल तर त्या दिवशी मात्रा घ्यायची नाही. मात्रा पुढे ढकलली तर बिघडत नाही, पण जखमेतून जिवंत जंतू रक्तात गेले तर जिवावर बेतू शकतं. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप गेला आणि टिकला, किंवा थंडी वाजून आला, तर वाट पाहू नका, रुग्णालय गाठा आणि ‘बीसीजी घेतलं आहे’ हे पहिलं वाक्य म्हणा. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ते आधीच सांगा.

औषध मिळत नाही अशी तक्रारही काही वाचकांनी कळवली आहे. बीसीजी जिवंत जंतूंपासून, संथ गतीने बनतं आणि बनवणारे थोडे आहेत, त्यामुळे गेल्या दशकभरात टंचाई अनेकदा झाली. अशा वेळी जेमसिटाबीन आणि डोसिटॅक्सेल ही औषधं एकापाठोपाठ मूत्राशयात सोडण्याचा पर्याय बऱ्याच केंद्रांत वापरला जातो.

प्रश्न : दर तीन महिन्यांनी दुर्बीण नको वाटते. त्याऐवजी लघवीची तपासणी चालत नाही का?

उत्तर : अजून नाही. लघवीत सुटलेल्या पेशी पाहण्याची सायटॉलॉजी हाय ग्रेड आजारात उपयोगी आहे, पण लो ग्रेड पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात, त्या निसटतात. प्रथिनं आणि जनुकं पाहणाऱ्या नव्या चाचण्या आहेत. त्या दुर्बिणीच्या जोडीला चांगल्या. लो ग्रेड आणि लहान गाठ असेल तर मात्र दोन तपासण्यांमधलं अंतर लवकर वाढवता येतं. तुमच्या बाबतीत तसं करता येईल का, हे जरूर विचारा.

प्रश्न : मूत्राशय काढायचं सांगितलं आहे. आयुष्यभर पोटाला पिशवी लावायची कल्पनाच सहन होत नाही. दुसरा काही मार्ग?

उत्तर : मार्ग आहेत, पण सगळ्यांना सगळे लागू होत नाहीत, म्हणून निर्णयाआधी युरॉलॉजिस्टसोबत रेडिएशन आणि केमोथेरपीच्या तज्ज्ञांनाही भेटा.

एकच गाठ असेल, ती दुर्बिणीतून जवळजवळ पूर्ण निघाली असेल, मूत्रपिंडं फुगलेली नसतील आणि सपाट कर्करोग पसरलेला नसेल, तर केमोसह रेडिएशन देऊन मूत्राशय वाचवता येतं. निवडलेल्या रुग्णांत त्याचे निकाल शस्त्रक्रियेच्या जवळपास आहेत. अट एकच : पुढे आयुष्यभर दुर्बीण, आणि आजार परतला तर मूत्राशय काढायची तयारी.

शस्त्रक्रियाच करायची ठरली तरी लहान आतड्याचा अर्ध्या मीटरहून थोडा लांब तुकडा घेऊन आतल्या आत नवं मूत्राशय शिवता येतं. ऐकायला ते फार छान वाटतं. पण त्याला भरल्याची जाणीव नसते, घड्याळ लावून लघवी करावी लागते, रात्री गळू शकतं, काहींना स्वतः नळी घालावी लागते. आतडं लघवीतली आम्लं शोषून घेतं, बी-१२ कमी पडू शकतं, मूत्रपिंडं कमजोर असतील तर हा पर्याय नकोच. बाहेर पिशवी लावायची पद्धत यूजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये मांडली आणि ती अजून टिकून आहे, कारण ती साधी आणि भरवशाची आहे. माझं मत विचाराल तर पिशवी घेऊन काही वर्षं जगलेल्या एखाद्या रुग्णाशी बोलल्याशिवाय तिला नाही म्हणू नका.

आणि एक. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध सोसेल अशी मूत्रपिंडं असतील तर आधी केमो, मग शस्त्रक्रिया. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आधी केमो घेतलेल्यांचं मध्यवर्ती आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ७७ महिने आणि थेट शस्त्रक्रिया झालेल्यांचं ४६ महिने होतं. हा फरक मोठा आहे. तरीही ‘आधी काढून टाकू’ या घाईत कित्येकांचं हे पाऊल राहून जातं.

प्रश्न : हा आजार जवळ राहिल्याने होतो का? मुलांना येतो का?

उत्तर : संसर्गाने होत नाही. आनुवंशिक प्रमाणही थोडं. घराण्यात मोठ्या आतड्याचे किंवा गर्भाशयाचे कर्करोग कमी वयात झाले असतील तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. त्यात मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनीच्या अस्तराचे कर्करोग वाढतात.

प्रश्न : मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. या कर्करोगात संशोधन करण्यासारखं काय उरलं आहे?

उत्तर : भरपूर. माणसाच्या गाठीतून वेगळं काढलेलं पहिलं कर्करोग-जनुक मूत्राशयाच्याच पेशींतलं होतं. १९८२ मध्ये कळलं की एचरास जनुकात एका अक्षराचा बदल होऊन एका ठिकाणी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन आलं आहे, बाकी सगळं जसंच्या तसं. त्या वर्षी कर्करोगाकडे पाहायची नजरच बदलली. उपचार मात्र लगेच बदलले नाहीत. १९८० च्या दशकात सिसप्लॅटिनवर आधारलेली केमोथेरपी आली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं पसरलेल्या आजारात फारसं काही हाती लागलं नाही.

गाडी हलली २०१६ नंतर, इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच संरक्षक फौजेला कर्करोगावर सोडणारे उपचार, आले तेव्हा. २०१९ मध्ये एफजीएफआर जनुकातल्या बदलांवर एर्डाफिटिनिब या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एनफोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या औषधांची जोडी घेतलेल्यांचं मध्यवर्ती आयुर्मान ३१.५ महिने, तर केमो घेतलेल्यांचं १६.१ महिने निघालं. माझ्या उमेदीच्या काळात असा आकडा कुणी बोलून दाखवला असता तर आम्ही हसलो असतो.

तुला विषय हवा असेल तर हा घे. लो ग्रेड गाठींत एफजीएफआर-३ मधला बदल वारंवार सापडतो. त्या पुन्हा पुन्हा येतात पण क्वचितच खोल जातात. हाय ग्रेड आजारात पी-५३ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुक बहुतेकदा बिघडलेलं असतं आणि तो स्नायूत घुसतो. एकाच अस्तरातून दोन इतक्या वेगळ्या स्वभावांचे आजार. पण टी-१ मधल्या कुणाचं बीसीजीने भागेल आणि कुणाचं मूत्राशय वेळेत काढायला हवं, हे आज कोणतीही चाचणी खात्रीने सांगत नाही. मी रोज या प्रश्नापाशी अडतो. दर आठवड्याला दवाखान्यात कुणीतरी समोर बसून नेमकं हेच विचारतं.

प्रश्न : गाठ काढून पाच वर्षं झाली, सगळं स्वच्छ आहे. आता तपासण्या बंद करू?

उत्तर : गाठ लो ग्रेड, एकटी आणि लहान होती? मग डॉक्टरशी बोलून थांबवता येतील. हाय ग्रेड होती? मग नाही, वर्षातून एकदा दुर्बीण आयुष्यभर, आणि अधूनमधून मूत्रपिंड-मूत्रवाहिन्यांचा स्कॅनही. मूत्रपिंडाच्या आतल्या कप्प्यांपासून खालपर्यंत अस्तर एकच आहे आणि त्या सगळ्यावरून तीच लघवी वाहिली आहे, म्हणून नवी गाठ कुठेही उगवू शकते. जुना पहिला रिपोर्ट शोधा, त्यातली ‘ग्रेड’ ही ओळ पाहा आणि पुढची वेळ ठरवायला जाताना तो सोबत घेऊन जा. सिगारेट ओढत असाल तर तेही त्याच भेटीत सांगा.